पश्चिमेच्या खुंट्यावरचा गोऱ्हा

वामन नरवाडे यांनी चुकीच्या गोऱ्ह्याला चिमटा लावला तो पौषातला मंगळवार होता. वेळ सकाळी साडेनऊची. ठिकाण वडधरी गाव, आखाडा बाळापूरहून आठ किलोमीटर. दत्तराव कदम यांचा पत्र्याचा गोठा. चिमटा म्हणजे गोऱ्ह्याचा बैल करण्याचं लोखंडी अवजार. कातडीला जखम होत नाही, आतली नस दाबली जाते, आणि ती दाबली की त्या गोऱ्ह्यापासून पुढे वासरू होत नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नरवाडे यांनी हे काम तेहतीस वर्षं केलं होतं. त्या सकाळी चिमटा लागला तो लाल कंधारी या देशी जातीचा गोऱ्हा आसपासच्या चार गावांत वळू म्हणून राखलेला एकुलता एक होता. तो राखायला लावला होता नरवाडे यांनीच.

मी तेव्हा कळमनुरीहून एका दैनिकाला बातम्या देत होतो. जनावरांच्या साथीच्या वेळी नरवाडे यांची ओळख झाली. किती जनावरं दगावली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आकडा दवाखान्यात मिळंल. जनावरं बघायची असली तर माझ्या मागं बसा." मी मोटारसायकलवर त्यांच्या मागे बसलो. साथ संपली, बातमी संपली, तरी महिन्यातून एकदोनदा बसत राहिलो.

नरवाडे बुटके आणि रुंद खांद्यांचे होते. त्यांच्या सगळ्या शर्टांची उजवी बाही मनगटापर्यंत असे आणि डावी कोपराच्या वर शिवून घेतलेली. गाईची आतून तपासणी ते डाव्या हातानं करत, आणि दिवसातून आठ वेळा बाही दुमडायचा त्यांना कंटाळा होता. लग्नालाही ते त्याच शर्टात जात. गाडीच्या मागे नायट्रोजनचा डबा बांधलेला असे. त्यात रेताच्या गोठवलेल्या कांड्या. डब्याला त्यांच्या पत्नीनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिली होती. डबा हादरू नये म्हणून ते खड्ड्यांच्या रस्त्यावर इतक्या हळू गाडी चालवत की सायकलवाले पुढे जात.

गोठ्यात शिरताना ते चपला बाहेर काढत. आधी गाईच्या तोंडाकडून येत, तिला दिसत. मग म्हणत, "बाई, जरा तकलीफ देतो." मालकांशी बोलताना ही अदब नसे. कुणी म्हणालं, "डाक्टर, ही गाय लय चांगली हाय," तर ते विचारत, "कुणासाठी?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. दुधासाठी, औतासाठी, उन्हासाठी की नुसती दाराची शोभा म्हणून, हे मालकानं सांगावं अशी त्यांची अपेक्षा असे. बहुतेक मालकांना ते सांगता येत नसे.

त्यांचे वडील बाळापूर भागात सालगडी होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे बैल त्यांनी सांभाळले. बैल मालकाचे, पण नावं वडिलांनी ठेवलेली, असं नरवाडे सांगत. खुरावरून, शेपटीच्या गोंड्यावरून, रवंथ करताना जबडा कोणत्या बाजूला फिरतो त्यावरून जनावर ओळखायला ते वडिलांजवळ शिकले. पुढे परीक्षा देऊन सरकारी नोकरीत आले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत काही घरांत त्यांना हात धुवायला पाणी वरून ओतलं जाई. हे नरवाडे कधी बोलले नाहीत. दत्तरावांचे वडील, आबा कदम, यांनी मला ते सांगितलं.

"आमच्या घरातबी वरूनच वतायचो," आबा म्हणाले. "एक डाव गाय अडली. वासराचं डोकं मागं वळलेलं. ह्यो माणूस चार तास गुडघ्यावर बसून होता. वासरू निघालं, अन् म्या तांब्या त्याच्या हातात दिला. इसरलो. मग पुन्हा कधी आठवलंच न्हाई."

लाल कंधारी गुरांशी नरवाडे यांचं नातं उलट्या दिशेनं सुरू झालं होतं. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत त्यांचं काम होतं गावठी वळू हटवणं आणि जर्सीच्या कांड्या भरवणं. आदेश तसे होते, आणि त्यांना ते पटलेही होते. जर्सीची पहिली पैदास गोठ्यात आली की घरात दूध दिसू लागे. गावोगाव त्यांनी लाल वळूंना चिमटे लावले. ते याबद्दल आडपडदा ठेवत नसत. गावात कुणी हळहळलं, की पूर्वी कसे वळू होते आणि आता कुठे गेले, तर ते म्हणत, "कुठं जातेत? म्याच बैल केले."

पुढची घसरण त्यांच्या चिमट्याशिवाय झाली. पेरणीला ट्रॅक्टर आला. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, हळद आली, आणि कडबा संपला. कडबा नाही म्हटल्यावर बैलजोडी विकली गेली. बैल नकोत म्हटल्यावर बैल देणारी गाय नको झाली. लाल कंधारी गाय दूध थोडं देते. उन्हात टिकते, कमी चाऱ्यावर राहते, वर्षाला विते. पण संकलन केंद्रावर मोजलं जातं ते दूध. लाल कांड्या दवाखान्यात कधी येत, कधी नसत. आल्या तर मागणारा नसे आणि मागणारा आला तर डबा रिकामा असे.

साथीच्या वर्षी वडधरीचा म्हातारा लाल वळू मेला. आठ दिवसांनी दत्तरावांची लाल गाय मेली. तिच्या मागे वर्षाचा गोऱ्हा राहिला. गर्द लाल, लांब लोंबते कान, रुंद कपाळ, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी पूर्ण काळी कडी. नरवाडे यांनी चार गावं पालथी घातली. लाल गाई सापडल्या, लाल बैल सापडले. न दाबलेला, आईबाप माहीत असलेला लाल नर एवढा एकच होता.

दत्तरावांना जोडी करायची होती. बाजारातून त्यांनी त्याच वयाचा, त्याच रंगाचा आणखी एक गोऱ्हा आणला. मागून पाहिलं तर दोघं एकच वाटत. पुढून पाहिलं तर फरक होता: दुसऱ्याचे कान आखूड, डोळ्यांभोवतीचं काळं अर्धवट.

पहिल्याला वळू ठेवा, असं नरवाडे यांनी सुचवलं तेव्हा दत्तराव हसले. "डाक्टर, वळू पाळायचा म्हंजे गावाचा जावई पाळायचा. खायाला माझ्याकडं, काम साऱ्यायचं."

नरवाडे यांनी वाद घातला नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते आले आणि दत्तरावांना घराबाहेर बोलावलं. शेजारच्या दारात जर्सी गाय छपराखाली जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. दत्तरावांचा गोऱ्हा उघड्यावर बांधलेला होता.

"इथं हुबं ऱ्हा," नरवाडे म्हणाले. "दहा मिनिटं बोलायचं न्हाई."

"उन्हात?"

"त्यो उभा हायच की."

दत्तराव सहा मिनिटं उभे राहिले. गोऱ्हा रवंथ करत होता. मग ते सावलीत आले आणि म्हणाले, "बरं. पण औताला धरणार बरं का. बसून खाऊ देणार न्हाई." नरवाडे यांना तेच हवं होतं; हलकं काम असलेला वळू माजत नाही, असं त्यांचं मत होतं. ठरलं ते असं: काजळवाला गोऱ्हा वळू राहील, आखूड कानांचा बैल होईल, आणि दोघांना एका जुवाखाली शिकवायचं.

पौषातल्या त्या मंगळवारच्या आधीच्या बुधवारी नरवाडे गोठ्यात जाऊन दोन्ही गोऱ्हे पाहून आले होते. आखूड कानांचा पश्चिमेच्या खुंट्याला होता. तसं त्यांनी वहीत लिहिलं: पश्चिम, चिमटा. रविवारी दत्तरावांनी खुंटे बदलले. गोऱ्हे शिकवताना त्या भागात असं करतात. जुवाच्या दोन्ही बाजूंची सवय व्हावी म्हणून गोठ्यातल्या जागाही अदलाबदल करतात. कानातले पिवळे बिल्ले असते तर क्रमांक वाचता आला असता. ते दत्तरावांनी पोळ्याला कापून काढले होते. झुलीखाली पिवळं प्लास्टिक वाईट दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मंगळवारी दत्तराव तहसीलच्या कामाला कळमनुरीला गेले होते. वीज नव्हती. पत्र्याच्या गोठ्यात उजेड फक्त दारातून येत होता. नरवाडे यांना पुढच्या गावी लस द्यायची होती आणि बर्फाचा डबा गाडीला लटकत होता. आबांनी पश्चिमेच्या खुंट्यावरच्या गोऱ्ह्याची वेसण धरली. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या दिवशी, एवढ्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, नरवाडे जनावराच्या तोंडाकडून न येता मागून आले. काम चार मिनिटांत झालं. दोन्ही बाजू त्यांनी नियमाप्रमाणे दाबल्या. मग शाबासकी द्यायला ते पुढे गेले आणि त्यांना काळी कडी दिसली.

आबा सांगतात, "डाक्टर गव्हाणीत बसले. कडब्यावर. म्या म्हणलं, चक्कर आली का? तर म्हणले, आबा, गोऱ्हा बदलला. म्या म्हणलं, कुठं बदलला, हितंच तर हाय."

दत्तराव संध्याकाळी आले. त्यांनी दोन्ही गोऱ्हे पाहिले, खुंटे पाहिले आणि कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "जाऊ द्या डाक्टर. मीबी सांगाया पायजे होतं. आता जोडी तरी एकसारखी झाली." त्यांच्या बोलण्यात बनाव नव्हता. आखूड कानांच्या गोऱ्ह्यालाही त्याच आठवड्यात चिमटा लागला. दत्तरावांना हवी होती तीच जोडी त्यांना मिळाली, आणि चार गावांत लाल वळू उरला नाही.

बुधवारी सकाळी नरवाडे यांनी मारुतीच्या पाराजवळ गाडी लावली. पारावर सात-आठ माणसं होती. मी गाडीजवळ उभा होतो. नरवाडे उभ्यानंच म्हणाले, "काल दत्तरावच्या घरी म्या चुकीच्या गोऱ्ह्याला चिमटा लावला. वळू म्हणून ठेवला होता त्यालाच. चूक माझी. आबाची न्हाई, दत्तरावची न्हाई. कुणी इचारलं तर असंच सांगा."

 एक जण म्हणाला, "दुसरा आणा की मग."

"कुठून?" नरवाडे यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी टोमण्यानं विचारला नव्हता. ते खरोखर उत्तराची वाट पाहत थांबले.

गोदाबाई त्या वेळी दुधाची किटली घेऊन केंद्राकडे निघाल्या होत्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या; मुलगा पुण्याला कंपनीत. त्यांच्याकडे तांबडी नावाची लाल गाय होती आणि तिच्यापासून त्यांना जर्सीची कालवड हवी होती. नरवाडे यांनी महिनाभर टाळाटाळ केली होती. तेव्हा गोदाबाईंनी सुनावलं होतं, "डाक्टर, माझ्या रतिबाला दूध तुमी घालता का?" मालक मागेल ती कांडी द्यायची हा नियम. मार्गशीर्षात तांबडी माजावर आली त्या सकाळी नरवाडे यांनी तिला जर्सीची कांडी भरवली होती.

गोदाबाईंनी पारावरचं सगळं ऐकलं. मग हाक मारली, "डाक्टर, जरा इकडं या." दोघं वेशीजवळ गेले. मीही दोन पावलं मागे होतो. त्यांनी मला हटकलं नाही.

"रागावणार न्हाई ना?"

"बोला आक्का."

"त्या दिवशी तुमी सकाळी कांडी लावून गेलात. दिवस मावळताना दत्तरावचं ते गोऱ्हं दावं तोडून नाल्यावर आलं. तांबडी तिथंच होती. म्या दगडं मारले, काठी मारली. ऐकतंय व्हय ते!"

"मग?"

"मग काय मग. झालं."

"एकदाच?"

"डाक्टर, लाज हाय का काही!"

नरवाडे यांना लाज वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी वेळ विचारली, तीन वेळा विचारली. मग म्हणाले, "काहून सांगितलं न्हाई इतके दिवस?"

"काय सांगू? जर्सीसाठी तुमच्या मागं महिनाभर फिरले, अन् वरून लाल गोऱ्हं आडवं आलं म्हणू? सारं गाव दात काढतंय."

कांडीपासून तो सतरावा दिवस होता. गाय फळली नसेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर येते. एकोणिसाव्या दिवसापासून नरवाडे रोज दोनदा वडधरीला आले. तांबडी ओरडत नाही ना, दुसऱ्या गाईंवर चढत नाही ना, एवढंच पाहून जात. चोविसाव्या दिवशी त्यांनी येणं थांबवलं. तीन महिन्यांनी हात घालून तपासलं. गाय गाभण होती. प्रश्न एवढाच उरला की कुणापासून. सकाळच्या कांडीपासून की संध्याकाळच्या गोऱ्ह्यापासून, हे वासरू बाहेर येईपर्यंत कुणालाच सांगता येणार नव्हतं.

आपण भरवलेली गाय फळावी यासाठी नरवाडे तेहतीस वर्षं झटले होते. त्यांची कांडी सहसा वाया जात नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. त्या वर्षी ती वाया जावी, असं त्यांना वाटत होतं. पारावरच्या मंडळींना हे कळायला वेळ लागला नाही.

"डाक्टर, तांबडीचं कुणाचं हाय?"

"माझं नसू दे म्हंजे झालं," नरवाडे म्हणत, आणि पारावर हशा पिकत असे.

पैजा चहाच्या होत्या. निम्मं गाव डॉक्टरांच्या बाजूनं, म्हणजे जर्सीच्या बाजूनं होतं. गोदाबाईही जर्सीच्या बाजूनं होत्या, पण त्यांची पैज नव्हती. "मला दूध पायजे," एवढंच त्या म्हणत. नरवाडे त्यांना कधी गोऱ्ह्याची बाजू सांगायला गेले नाहीत. मी एकदा विचारलं, आत्तापासून त्यांचं मन वळवून का ठेवत नाही. ते म्हणाले, "तिची गाय हाय. तिचं गणित चुकीचं न्हाई. काय बोलू?"

जुलैअखेर नरवाडे निवृत्त झाले. दवाखान्यात हार, नारळ, दोन भाषणं झाली. नायट्रोजनचा डबा त्यांनी नव्या पर्यवेक्षकाच्या ताब्यात दिला. वाकळ काढून घेतली. त्यांच्या जागी आलेला मुलगा तरुण होता, कामाला चांगला होता. नरवाडे यांनी त्याला चार गावांतल्या लाल गाईंची यादी दिली. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली.

पितृपंधरवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, गोदाबाईंचा फोन आला. तांबडी विण्याच्या बेतात होती. निवृत्त माणसाला बोलावता येतं का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत म्हणाल्या, "यायलाच पायजे तुमाला. तुमच्यामुळंच झालंय हे."

आम्ही पोचलो तेव्हा दोन खूर दिसत होते. नरवाडे यांनी चपला काढल्या, तोंडाकडून गेले, तांबडीला दिसले. मग मागे येऊन बसले आणि काहीच केलं नाही. गाय आपली आपण वीत होती. दारात दत्तराव होते, आबा होते, पारावरचे चौघं होते. नाकपुड्या दिसल्या. दत्तराव म्हणाले, "काय डाक्टर?" नरवाडे यांनी हातानं गप्प केलं. डोकं बाहेर आलं, खांदे आले, आणि मग एकदम सगळं वासरू पडलं. नरवाडे यांनी नाकातोंडातला चिकटा काढला, कोरड्या पोत्यानं अंग पुसलं. पुसता पुसता कान हाताला लागले. त्यांनी ओला कान सरळ केला आणि सोडला. जर्सीच्या वासराचा कान आखूड, आडवा राहतो; हा गालावरून खाली लोंबला. अंग लाल होतं. नरवाडे यांनी मागचा पाय उचलून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला.

"सांगा की आता," गोदाबाई म्हणाल्या. "कुणाचं?"

"दत्तरावच्या गोऱ्ह्याचं."

"कालवड?"

"गोऱ्हा."

दारातून आरडाओरड झाली. चहा कुणी कुणाला पाजायचा यावर तिथंच भांडण लागलं. आबांना दिसत नव्हतं; त्यांनी वासरू हातानं चाचपलं, कान लांबीनं मोजला आणि म्हणाले, "हां. हा बराबर हाय." नरवाडे भिंतीला टेकून बसले.

गोदाबाई हसत नव्हत्या. "म्हंजे दूधबी न्हाई अन् कालवडबी न्हाई," त्या म्हणाल्या. "वर्षभर हिला चारून मला काय मिळालं? वळू."



"आक्का," नरवाडे म्हणाले, "तुमी म्हणाल तसं. बैल करून विका, मी काही म्हणणार न्हाई. नोकरीबी न्हाई माझी आता."

"तर. तुमी काही म्हणणार न्हाई, अन् मरूस्तोर असं तोंड करून बसणार." गोदाबाईंनी तांबडीपुढे कोमट पाण्याचं घमेलं सरकवलं. वासरू उठायचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं. त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "माझ्यानं वळू आवरणार न्हाई. रोज सकाळी यायचं तुमी. चारा तुमी घालायचा, वेसण तुमी लावायची, हिंडवायचं तुमी. एक दिवस चुकलात तर मी बाजारात नेते का न्हाई बघा."

"येतो."

"अन् चिमटा घेऊन माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई."

"चिमटा सरकारचा होता. जमा केला."

"मग बसा. चहा टाकते."

दुधासाठी गोदाबाईंनी दिवाळीनंतर म्हैस घेतली. तांबडी राहिली. नरवाडे रोज सकाळी सहाला बाळापूरहून निघू लागले. त्यांच्या पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सरकारची सुटली, गोदाबाईची लागली. हिला तर रविवारबी न्हाई." डब्याची वाकळ पहिल्या हिवाळ्यात गोऱ्ह्याच्या पाठीवर होती. गोऱ्ह्याच्या कानात पिवळा बिल्ला मारला गेला तेव्हा नरवाडे यांनी तो बिल्ला कुणी काढायचा नाही, पोळ्यालाही नाही, असं बजावलं. गोदाबाईंनी पोळ्याला बिल्ल्याभोवती झेंडूचं फूल खोवलं.

गोऱ्ह्याला ते मारत नसत आणि लाडही करत नसत. रोज सकाळी बांधावरून हिंडवून आणत. वाटेत माणसं भेटली की थांबत, गोऱ्ह्याला त्यांचा वास घेऊ देत. शाळेच्या फाटकासमोर मुद्दाम थांबत, घंटेच्या वेळी. आरडाओरड्याला बुजणारा वळू गावात टिकत नाही, असं ते सांगत. नव्या पर्यवेक्षकाला ते अधूनमधून फोन करत. एकदा त्या मुलानंच त्यांना फोन केला: लाल गाई असलेले दोन मालक जर्सीची कांडी नको म्हणतात, वडधरीच्या वळूचं काय ते विचारतात. नरवाडे म्हणाले, "अजून दीड वर्ष थांबा म्हणावं. दोन दात येऊ दे."

दोन दात आले. त्याच्याकडे आलेल्या पहिल्या गाई गावातल्याच होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या मार्गशीर्षात. कनेरगाव नाक्याकडचा एक शेतकरी सकाळीच वडधरीला आला होता. जिल्ह्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत त्यानं आपली लाल गाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली होती. ट्रॉलीत कडबा नव्हता म्हणून सोयाबीनचं कुटार पसरलेलं होतं. गाय उतरायला तयार नव्हती.

"ढकला की मागून," गोदाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

नरवाडे यांनी नकार दिला. त्यांनी ट्रॉलीच्या मागच्या फळीखाली मातीची पोती रचायला लावली, उतार केला, आणि स्वतः पुढून वर चढून गाईच्या तोंडाजवळ जाऊन उभे राहिले. शर्ट नवा होता. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत.

शेतकरी खाली उभा राहून त्यांना म्हणाला, "तात्या, गाय लय चांगली हाय बरं."

"कुणासाठी?"

"दोन एकर माळ हाय माझा. ट्रॅक्टर तिथं चढत न्हाई. हिचे दोन बैल झाले तर माळ पेरतो."

नरवाडे यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग गाईला म्हणाले, "चला बाई." गाय उतरायला पंधरा मिनिटं लागली. दुपारी शेतकरी तिला घेऊन परत गेला.

त्यानंतर तीन महिन्यांनी कनेरगाव नाक्याकडच्या पर्यवेक्षकानं तिची तपासणी केली. गाय गाभण आहे.